करवतीला आग्रह

यंदाच्या आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, आमच्या गावानं एका इंजिनाला तेल वाढून वाढून मारलं, त्यात आमच्या जावयाची नोकरी गेली, आणि करवतीचं लोखंडी पातं चावडीपुढच्या वाळक्या निंबात रुतून बसलं ते अजून तिथंच आहे.

यातलं काहीही झालेलं नाही. तसा गावाचा ठराव आहे. सगळे चावडीवर जमले, कोणी कोणाच्या तोंडाकडं पाहिलं नाही, आणि एकमतानं ठरलं की असलं यंत्र आपल्या शिवारात कधी आलंच नव्हतं. ठराव होईपर्यंत सगळे निंबाकडं पाठ करून बसले होते. निंबाकडं तोंड केलं की न आलेलं यंत्र दिसतं.

तेव्हा जे झालं नाही ते कसकसं होत गेलं, एवढंच सांगतो. गावाचं नाव विचारू नका. धरणगाव स्टेशनावरून बैलगाडीनं अर्ध्या दिवसाची वाट आहे, एवढ्यावर भागवा.

मुळात चूक मागच्या आखाजीची. माझी बहीण लता धुळ्याकडच्या गावात दिलेली. तिचे मालक हिलालराव लष्करात होते, ते रजा काढून तिला न्यायला आले आणि सोबत आईला, म्हणजे लताच्या सासूला, तानुबाईला घेऊन आले. लढाईचे दिवस. साखर कंट्रोलची, घासलेट कंट्रोलचं, आणि गोडं तेल तर वाण्याच्या दुकानात नुसतं वासाला उरलेलं. आता आमच्याकडं खिचडीवर कच्च्या तेलाची धार पडली नाही तर ती खिचडी पाहुण्यापुढं ठेवतच नाहीत. मायनं शेजारच्या तीन घरांतून तेल उसनं आणलं आणि धार धरली. धार बारीक होती. पण धार होती.

तानुबाई आमच्या ओट्यावर काही बोलल्या नाहीत. जेवल्या, हात धुतले, घरी गेल्या आणि त्यांच्या गावच्या विहिरीवर म्हणाल्या, "त्या गावमां तेल पळीघाई नही वाढतस. काडीघाई वाढतस."

पळीनं नाही, काडीनं. हे वाक्य बाजारांतून फिरत फिरत लताच्या पहिल्या पत्राच्या आधी आमच्याकडं पोचलं. तेल तीन घरांचं असल्यामुळं अपमानही तीन घरांत वाटला गेला आणि तिथून गल्लीभर, मग गावभर पुरला. त्या दिवसापासून आमच्या वडिलांसमोर, नानांसमोर, काडी हा शब्द कोणी काढत नसे. चूल पेटवायची झाली तर माय म्हणायची, "ते जरा दे रे, पेटवायचं." नाना तेवढ्यानंही मान खाली घालत.

मग लढाई संपली, हिलालरावांना पलटणीनं घरी पाठवलं, आणि यंदाच्या आखाजीला ते वनाच्या गाडीतून आले. वना आमच्याच गल्लीतला गाडीवान. गाडीत ताडपत्रीखाली हे यंत्र. एका टोकाला इंजिन, मधे माणसाच्या उंचीचं लोखंडी पातं, पात्याच्या कडेनं फिरणारी दातांची साखळी, आणि दुसऱ्या टोकाला मूठ. दोघांनी दोन्हीकडं धरायचं आणि झाडाला लावायचं. लष्कराच्या जुन्या सामानाच्या लिलावातून शिरपूरच्या जीवराम शेठनं घेतलेलं. शेठचा सातपुड्यातल्या लाकडाचा ठेका. हिलालराव आसामकडं पलटणीचे रस्ते काढताना असल्याच यंत्रानं झाडं पाडत होते. शेठ म्हणाला, तुमच्या सासुरवाडीचा तो वाळका निंब पाडून लाकूड मला द्या आणि यंत्र धडधाकट परत आणा. जमलं तर नोकरी तुमची, शिरपुरात राहायला खोलीही देतो.

निंब सरकारी जागेवरचा होता, पण मामलेदारांची परवानगी नानांनी आधीच काढून ठेवली होती.

त्या खोलीत कोणाचा जीव अडकला होता ते मला झोक्यावर कळलं. आखाजीला माहेरी आलेल्या पोरींचे झोके चिंचेला बांधलेले असतात. लताला झोका देत होतो तेव्हा ती म्हणाली, "झिपरू, शिरपूरले खोली भेटनी ना, मंग सासूबाईना तोंडे माहेरनं तेल नही ऐकनं पडाव माले." एवढं बोलून तिनं पाय वर घेतले आणि झोका उंच नेला. मी विनोद करणार होतो. नाही केला.

दुपारी ओट्यावर नाना, वना आणि गल्लीतली निम्मी माणसं यंत्राभोवती बसली. नानांनी यंत्राकडं बघत हिलालरावांना विचारलं, "जवाई, हाई खास काय? खावाले काय लागस येले?"

"पेट्रोल, नाना. आणि त्यात तेल." पलटणीत राहून हिलालरावांची बोली सुटली होती. "सोळा वाट्या पेट्रोलला एक वाटी तेल."

ओट्यावर बोटांवर हिशोब सुरू झाला.

"सोळाले एक?" नाना म्हणाले.

"हो."

"पलटनमां तंगी व्हती म्हणीसन?"

"तंगीमुळं नाही, नाना. या इंजिनात तेलाला वेगळी जागाच नसते. पेट्रोलबरोबर आत जाऊनच ते दट्ट्याला ओलं ठेवतं. कमी पडलं तर दट्ट्या तापून चिकटतो. जास्त पडलं तर नुसता धूर होतो, ठिणगी पडत नाही, आणि यंत्राचा जीव गुदमरतो."

"जास्त तेल भेटीसन कोणा जीव गुदमरना, तो माणूस माले दखाड."

लोक हसले. हिलालरावही हसले, कारण जावयानं सासऱ्यासमोर हसायचंच असतं. मग त्यांनी समजावून सांगायला घेतलं की नवं इंजिन असतं तर बाराला एक दिलं असतं, कारण नव्याचे भाग अजून घासून बसलेले नसतात. हे जुनं, रुळलेलं, म्हणून सोळाला एक.

नाना पुढं सरकले. "म्हणजे नवी सून उनी का वाढा, जुनी व्हयनी का आखडता हात? जवाई, हाई यंत्र नही शे. हाई सासू शे."

यावर ओटा इतका हसला की झोक्यावरच्या पोरी थांबल्या. हसता हसता सगळ्यांना एकदम तानुबाई आठवल्या आणि हसू तिथल्या तिथं विझलं.

वना म्हणाला, "मी गाडाना आसले एरंडीनं तेल देस. मोजीसन नही देस. बैल आजपावत बोलना नही."

"बैल बोलत नाहीत, वनाभाऊ," हिलालराव म्हणाले.

"तेच ना. समाधानी शेतस."

हिलालरावांनी मग वाद सोडला. पेट्रोलचा एकच डबा होता, तोही कुपनावर शेठनं मोजून दिलेला. त्यांनी आपल्या पत्र्याच्या डबीतलं काळं तेल आमच्याच वाटीनं मोजलं, डब्यात ओतलं, झाकण लावून डबा खळखळवला आणि सावलीला ठेवला. त्या क्षणी प्रमाण बरोबर होतं. हे मुद्दाम नोंदवून ठेवतो, कारण पुढं ते कधीच बरोबर नव्हतं.

संध्याकाळपर्यंत गल्लीत बातमी गेली की पितांबर, म्हणजे आमचे नाना, यंदा यंत्रालासुद्धा काडीनं तेल देतोय.

सकाळी निंबाखाली यंत्राला पाटावर बसवलं. हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. कोणीतरी हौसेनं इंजिनाला फेटा गुंडाळला, तेव्हा ते खरंच जावयासारखं दिसायला लागलं, किंचित लाजलेलं. पेट्रोलचा डबा माझ्या हातात, झाकण उघडलेलं, कारण आता टाकी भरायची होती. एवढ्यात भिकुबाई अक्का आल्या. मागच्या वर्षी ज्या तीन घरांचं तेल होतं त्यातलं पहिलं घर त्यांचं. पदराखाली वाटी. वाटीत काठोकाठ शेंगदाण्याचं तेल.

"यंत्र पाव्हना शे ना आपला?" अक्का म्हणाल्या.

"अक्का, त्याचं झालंय तेल," हिलालराव म्हणाले.

"तुन्हा हातनं झायं. मना हातनं कोठे झायं?"

आणि ओतलं.

"पुरे, अक्का."

इथं पुरेबद्दल सांगायला हवं. आमच्याकडं पाहुण्याचा पहिला पुरे हा नुसता चांगुलपणा. दुसरा पुरे हा पहिल्याचा मान राखण्यासाठी. तिसऱ्या पुरेला पाहुणा ताटावर दोन्ही हात आडवे धरतो, आणि वाढणारा बोटांच्या फटींतून वाढतो. फटींतून वाढलेलं सगळ्यात प्रेमाचं समजतात. चौथा पुरे आजवर कोणी म्हटल्याचं ऐकिवात नाही.

हिलालरावांनी डब्याच्या तोंडावर दोन्ही हात आडवे धरले.

लोकांमधून समाधानाचा एक हुंकार उठला. जावयाला रीत माहीत होती! अक्कांनी उरलेली वाटी त्यांच्या बोटांच्या फटींतून हळूहळू, एक थेंब बाहेर न सांडता, आत सोडली. मग दुसऱ्या घरची वाटी आली, तिळाच्या तेलाची. मग तिसऱ्या घरची, करडईची. एकदा तीन घरांचं झाल्यावर चौथ्याला नाही म्हणायचं कसं? चौथा वना होता, एरंडीचं तेल घेऊन, गाडीच्या आसाला लावतात ते. त्यात आसाची थोडी माती होती. "मातीघाई चव येस," तो म्हणाला. मग ओळच लागली. मी डबा बाजूला घेऊ शकलो असतो. पण वाढपी समोर उभा असताना पाहुण्याचं ताट ओढून घेणारा माणूस आमच्या गावात अजून जन्मायचा आहे.

हिलालरावांचे हात कोपरापर्यंत तेलानं चमकत होते. ते हसतच होते. फक्त हसू आता कोणीतरी लावून दिल्यासारखं दिसत होतं.

शेवटी नाना आले. मोठी वाटी. तेलात बोट घालून त्यांनी लोकांना दाखवलं की ताजं आहे, कालच घाण्यावरून आणलंय. आणि त्यांनी धार धरली. जाड, न तुटणारी, बोटांच्या फटींतून. धार धरताना नाना डब्याकडं बघत नव्हते. ते पश्चिमेकडं बघत होते, धुळ्याच्या दिशेला.

डबा काठोकाठ झाला तेव्हा हिलालराव हळू आवाजात म्हणाले, "नाना, आजचा दिवस जाऊ द्या. उद्या दुसरं पेट्रोल मिळतंय का बघतो. हे आता…"

"वाढेल टाकशात?"

नानांनी हे रागानं विचारलं नाही. खरोखरीच्या भीतीनं विचारलं. आमच्याकडं वाढलेलं टाकणं म्हणजे वाढणाऱ्याला टाकणं. हिलालरावांनी एकवार चिंचेकडं, झोक्याकडं पाहिलं आणि टाकी भरायला घेतली.

दोरी ओढली. नाही. पुन्हा ओढली. नाही. ओढता ओढता हिलालरावांचा सदरा पाठीला चिकटला, तेव्हा कुठं इंजिन एकदम भडकलं आणि एवढा पांढरा धूर सोडला की यंत्र धरलेल्या मला पलीकडच्या टोकाचे हिलालराव दिसेनात. धुराला भज्यांचा वास होता. अस्सल वास. गावातली सगळी कुत्री जमली. एका पोरानं भजी मागितली आणि मार खाल्ला. आम्ही यंत्र निंबाला लावलं. साखळी फिरली, भुसा उडाला, पातं वीतभर आत गेलं आणि लोकांनी आरोळी ठोकली, "पोट भरनं! पोट भरनं!"

मग इंजिनानं एक लांबलचक, घशातून आलेला आवाज काढला.

"ढेकर दिधा," अक्का म्हणाल्या. "पोचनं."

त्यानंतर इंजिन बंद पडलं. झाडानं पातं चावून धरलं होतं, पुढं सरकेना, मागं निघेना. हिलालरावांनी प्लग काढला. त्यावर कढईच्या बुडाला असतो तसला थर. फेट्याच्या टोकानं पुसला, बसवला, दोरी ओढली. पुन्हा पुसला. पुन्हा ओढली. नंतर नंतर दोरीही जागची हलेना. आत जळक्या तेलाचा डिंक होऊन दट्ट्या बसला होता तो बसलाच.

नाना वाकले आणि अगदी हळू म्हणाले, "कमी पडनं का?"

हिलालरावांनी दोरी सोडली. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांना घाम पुसायचा होता, पण हात तेलकट. ते तसेच दोन्ही हात अंगापासून लांब धरून निंबाच्या बुडाशी बसले.

लता चिंचेखालून चालत आली. वाटीवाल्यांच्या ओळीसमोर उभी राहिली. सगळ्यांना वाटलं, रडेल.

"नाना," ती म्हणाली, "तुम्ही यंत्रले नही वाढं. मन्ही सासूले वाढं."

एवढंच. मग ती नवऱ्याशेजारी बसली आणि पदरानं त्याचं तोंड पुसायला लागली.

रिकाम्या वाटीचं एक वाईट असतं, ती लपत नाही. पदराखाली धरली तर फुगा दिसतो, धोतराच्या सोग्यात बांधली तर चालताना मांडीवर वाजते. त्या सकाळी आख्खं गाव मांडीवर वाट्या वाजवत घरी गेलं. नानांनी त्यांची वाटी निंबाखालीच ठेवली. ती कोणी उचलली नाही.

हिलालरावांनी इंजिन पात्यापासून सोडवलं, वनाच्या गाडीत घातलं आणि तापी ओलांडून शिरपूर गाठलं. वना वाटभर एक शब्द बोलला नाही, हे वनानंच मला सांगितलं. जीवराम शेठनं इंजिन उघडायला लावलं, आत वाकून वास घेतला आणि विचारलं, "हे लाकडं कापायला नेलं होतं का लग्नात वाढायला?" खोली दुसऱ्याला मिळाली. परत येताना हिलालराव गाडीत बसले नाहीत, गाडीमागून चालत आले.

घरी, धुळ्याकडं, ते जाऊ शकत नव्हते. आईला सांगायचं काय? काडीभर तेलावरून एवढं झालं, आता घागरभर तेलावरून काय होईल? म्हणून ते आमच्याकडंच राहिले आहेत. आखाजीला बायकोला न्यायला आलेला जावई पावसाळा लागला तरी सासुरवाडीत. त्याला काय म्हणतात ते खानदेशात सगळ्यांना माहीत आहे, म्हणून कोणी म्हणत नाही. त्याऐवजी गावानं शरमेपोटी त्यांच्या जेवणाच्या पाळ्या लावल्या आहेत. रोज एका घरी. रोज खिचडी, रोज तेल. ते पुरे म्हणतात. वाढणारा डोळ्यांत पाणी आणून वाढतो. पलटणीची कापडं आता त्यांना होत नाहीत.

परवा ते अक्कांकडं जेवायला गेले होते आणि घरी आम्हीच होतो. लतानं खिचडी वाढली. नानांच्या ताटापाशी आली आणि तेलाची पळी उचलली. नाना वर न बघता म्हणाले, "पुरे."

अजून एक थेंबही पडला नव्हता.

लता थांबली. पळी तशीच हवेत. आता ती म्हणेल, घ्या हो नाना, थोडंसं, असं मला वाटलं, मायलाही वाटलं. ती म्हणाली नाही. पळी तिनं भांड्यात परत ठेवली. नानांनी कोरडी खिचडी खाल्ली. ती घशात अडकली, पाणी पिऊन खाली ढकलली आणि ताट पुसून उठले. आमच्या गावात पुरे या शब्दाचा अर्थ पुरे असा झाल्याची ही माझ्या पाहण्यातली एकच वेळ.

आता तलाठी येणार आहेत. परवानगी दिलेलं झाड पडलं की नाही ते बघायला. झाड उभं आहे आणि त्यातून माणसाच्या उंचीचं लोखंड बाहेर आलेलं आहे. पोरं त्याला दप्तरं अडकवतात. गावानं मला बोलावलं. "झिपरू, तू सातवी फायनल पास शे. अर्ज लिख. पण यंत्रनं नाव काढू नको. ठराव शे." त्याप्रमाणं अर्ज लिहिला. पहिलं कलम गावाचं आहे. दुसरं गावाला वाचून दाखवलेलं नाही.

मेहेरबान मामलेदारसाहेब यांचे सेवेशी,

मौजे (नाव गावाच्या विनंतीवरून गाळले आहे) येथील समस्त ग्रामस्थांचा विनंती अर्ज ऐसा जे,

१. चावडीपुढील सरकारी निंबाचे झाड हे मुळातच लोखंडासह उगवलेले असून तशी नोंद दप्तरी व्हावी, व ते जसजसे वाढेल तसतशी लोखंडाचीही नोंद वाढवीत जावी.

२. पाहुण्याने तोंडाने पुरे म्हटल्यास, अथवा ताटावर, वाटीवर किंवा डब्यावर हात आडवा धरल्यास, ते सरकारी हुकमाने पुरे समजण्यात यावे, व वाढणाऱ्याने हात तेथल्या तेथे थांबवावा, असा कायदा पूर्व व पश्चिम दोन्ही खानदेशांत जारी व्हावा. संपूर्ण खानदेशास तो लागू करणे सरकारास जड जात असल्यास निदान आमचे जावई हिलालराव यांच्यापुरता तरी करावा, आणि मेहेरबानी करून तो मागील तारखेपासून, म्हणजे यंदाच्या आखाजीच्या सकाळी भिकुबाई अक्का घरून निघण्याच्या आधीपासून, अंमलात आला असे समजण्यात यावे, ही विनंती.